बार उतरवलेला आहे ना?

(डोंबिवली येथे पालक व कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



दसऱ्याला आपण शस्त्रपूजन करतो. मुरबाड-शहापूरकडच्या एखाद्या घरी त्या दिवशी भिंतीवरची ठासणीची बंदूकही खाली येते. तिला हळदकुंकू लागते, झेंडूची माळ पडते, मुले भोवती कोंडाळे करून बसतात. अशा वेळी ‘बार उतरवलेला आहे ना?’ हा प्रश्न कोणी विचारतो का? शस्त्राबद्दलचा आदर तिथून सुरू व्हायला हवा, असे मला वाटते.

हे मी का बोलतो आहे? जानेवारी २०२५ च्या अखेरीस पालघर जिल्ह्यात, मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात काही गावकरी रानडुकराच्या शिकारीला गेले. डुक्कर समजून एकाने गोळी झाडली आणि त्यांच्यातलाच एक जण मेला. भेदरलेल्या सोबत्यांनी मृतदेह झुडपांत लपविला. पोलिसांना तो सापडेपर्यंत काही दिवस गेले. २०१४ पर्यंत तो सारा भाग आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. वृत्तपत्रात अशी बातमी चौकटीत जाते. मी स्वतः अशा बातम्या चौकटीत टाकल्या आहेत. त्या शिकारीला कायद्याची संमती नव्हती, हे खरेच. पण तेवढे म्हणून मोकळे होता येत नाही. हालणाऱ्या झुडपावर गोळी झाडू नये, समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे हे दिसल्याखेरीज चापाला बोट लावू नये, हे त्यांना कधी कोणी सांगितले होते का?

माझा बंदुकीशी संबंध आला तो कॉलेजात, एनसीसीमध्ये. फायरिंगला नेतील या आशेने आम्ही पहाटे हजर. उस्तादांनी सबंध सकाळ गोळी दाखविलीदेखील नाही. बोल्ट मागे घ्या, आत पाहा, शेजाऱ्याला दाखवा, बस्स, एवढेच. आम्ही कंटाळून गेलो. एकाने थट्टेने रायफलीची नळी मित्राकडे वळविली. उस्तादांनी त्याला सर्वांसमोर बाहेर काढले आणि त्या दिवशी पुन्हा रायफलीला हात लावू दिला नाही. ‘खाली थी’ हे त्याचे उत्तर. उस्ताद म्हणाले, खाली बंदूक नावाची वस्तूच नसते. तो धडा मी आजवर विसरलेलो नाही. पॉइंट टू टूची एवढीशी गोळी किलोमीटरभर सहज जाते, हे मला नंतर कळले.

ठासणीच्या बंदुकीची गोष्ट याहून अवघड. तिला बोल्ट नाही, आत डोकावण्याची सोय नाही. तोंडाकडून दारू, मग गच्च बसविलेला बोळा, मग छर्रे, वर पुन्हा बोळा. एकदा भरली की रिकामी करणे जिकिरीचे, म्हणून ती भरलेलीच खुंटीला टांगली जाते. पीकरक्षणासाठी अशा बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद १९५९ च्या शस्त्र कायद्यात आहे. २०१६ च्या नियमांनी परवान्यासाठी सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्रही मागितले. पण परवाना एकाच्या नावावर आणि घरात माणसे सहा! एकवीस वर्षांखालील मुलाला शस्त्र बाळगता येत नाही, पण खुंटीपर्यंत हात पोहोचायला एकवीस वर्षे कशाला लागतात?

उपाय साधे आहेत. रिकाम्या नळीत गज तळापर्यंत सोडून तोंडापाशी त्यावर खूण करून ठेवावी. पुढे केव्हाही गज सोडला आणि खूण वर राहिली, तर आत बार आहे. अशी बंदूक जाणत्याच्याच हाती द्यावी. टोपी बंदुकीवर ठेवू नये. ती वेगळ्या डबीत, कुलपात. ठासताना तोंड नळीवर आणू नये. चाप ओढूनही बार उडाला नाही, तर नळी मोकळ्या दिशेला धरून थांबावे, उलटी करून पाहू नये. हे शिकवायला बंदूक लागत नाही. हातभर काठी पुरते, आणि तीच बरी.

शिकवणार कोण? १९४६ साली मुंबई प्रांतात उभे राहिलेले होमगार्ड हे स्वयंसेवकांचेच दल. ‘निष्काम सेवा’ हे त्याचे ब्रीद. वर्षानुवर्षे त्यात काढलेली माणसे या तालुक्यांत आहेत, निवृत्त जवान आहेत. नाशिकचे भीष्मराज बाम पोलीस सेवेतले मोठे अधिकारी. निवृत्तीनंतर २०१७ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी नेमबाजांना आणि इतर खेळाडूंना घडविले, आणि त्यांचा भर होता मनाच्या स्थैर्यावर. त्याच नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे शिकला. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये त्याने कांस्यपदक मिळविले. अंजली भागवतही एनसीसीतूनच पुढे आल्या. खेड्यातल्या पोराचा हात थरथरत नाही, त्याला रेंज आणि गुरू हवा, एवढेच.

पण आज मी पदकांसाठी आलेलो नाही. तुमच्यातले काही जण सुटीच्या दिवशी कल्याणहून मुरबाडच्या एसटीत बसून पाड्यांवर अभ्यासिका घ्यायला जातात. त्यांना एक विनंती आहे. भाताचे कणीस भरू लागले की रानडुकरांचा उपद्रव वाढतो, रात्रीची राखण सुरू होते. त्याआधी एका रविवारी गणिताचा तास थोडा आवरता घ्या. गावातल्या निवृत्त जवानाला पुढे बसवा, मुलांबरोबर त्यांच्या वडिलांनाही बोलवा आणि काठी हाती घेऊन हा धडा द्या. खूण केलेला गज कसा असतो, ते दाखवायला हवे असेल तर मी एक सोबत आणला आहे. भाषण संपल्यावर पुढे येऊन जरूर पाहा.