नववीतल्या मुलाचे नऊ महिने

आज ९ सप्टेंबर. गरोदरपणातल्या दारूनं बाळाला होणाऱ्या इजेकडे लक्ष वेधण्याचा हा दिवस. महिने नऊ, म्हणून नवव्या महिन्याची नववी तारीख. १९९९ पासून पाळतात. दारू बाळाला वाईट, हे तुम्हाला ठाऊक आहे, ते सांगत बसत नाही. मला बोलायचंय आठवी-नववीतल्या पोराबद्दल.

शाळेतून चिठ्ठी येते. मुलगा सांगितलेलं दहा मिनिटांत विसरतो, कुणी चिथावलं की हात उगारतो, कालची शिक्षा आज त्याच्या गावीही नसते. बोलायला मात्र चुरचुरीत! मग निदान ठरलेलं, मस्ती आलीय. आणि औषधही ठरलेलं. हा पोटात असताना काय झालं होतं, हे कुणी विचारत नाही. आज माझं मागणं तेवढंच आहे. विचारा.

नाशिक-सांगलीकडचे द्राक्षबागायतदार ऐकत असतील तर त्यांना पटकन कळेल. एप्रिलची खरड छाटणी झाली की नव्या काडीच्या डोळ्यात घड धरायला लागतो. तेव्हा आभाळ राहिलं, ऊन मिळालं नाही, तर घडनिर्मिती बिघडते. पण काडीकडे बघून कळतं का? काडी हिरवीगार! कळतं ते ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. फूट निघते आणि घडच नसतो. तेव्हा कुणी काडीला शिव्या देत नाही. मे-जूनमध्ये हवा कशी होती, तेच आठवतात.

मेंदूचं तसंच आहे. आईच्या रक्तातली दारू वारेतून बाळाकडे जाते आणि बाळाच्या कोवळ्या यकृताला ती पचवता येत नाही. काही पेशी मरतात, काही भलत्या जागी जाऊन बसतात. तरी पहिली-दुसरी निभावते, कारण तेव्हा पुढचा विचार आई करते, बाई करतात. किशोरवयात ते काम कपाळामागच्या मेंदूवर येऊन पडतं: थांबणं, मोह आवरणं, उद्याचं बघणं. आणि ऐन त्याच वयात मेंदू आपल्या जोडण्यांची छाटणी करत असतो. २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मुलांचे एमआरआय काढून, काही काळानं त्याच मुलांचे पुन्हा काढले होते. एरवी मेंदूच्या वरच्या थराचं आकारमान काही भागांत आधी वाढतं, मग उतरतं. पोटात दारू पोचलेल्या मुलांत ती आधीची वाढ दिसलीच नाही, नुसती उतरण. म्हणजे भरघोस फुटवा येण्याआधीच छाटणी.

डॉक्टरमंडळींनाही जरा बोलायचंय. १९७३ साली सिअॅटलच्या जोन्स आणि स्मिथ या डॉक्टरांनी पोटातल्या दारूनं होणाऱ्या या विकाराला नाव दिलं, तेव्हापासून आपण पातळ ओठ, बारीक डोळे शोधतो. पण चेहऱ्याच्या या खुणा फार सुरुवातीच्या थोड्या दिवसांत दारू पोचली तरच उमटतात. मेंदू मात्र नऊही महिने घडत असतो. बहुतेक मुलांचा चेहरा चारचौघांसारखाच! बुद्ध्यंकावरही विसंबू नका. संशोधक अॅन स्ट्राइसगुथ यांनी पोटात असताना दारू पोचलेल्या चारशेहून जास्त जणांची पाहणी १९९६ मध्ये मांडली. बहुतेकांचा बुद्ध्यंक सत्तरच्या वर, म्हणजे खास मदत मिळण्याची पंचाईत. आणि बारा वर्षांवरच्यांपैकी सुमारे ६० टक्क्यांची शाळा विस्कटलेली, तितकेच कायद्याच्या कचाट्यात सापडलेले. ज्यांचं निदान लवकर झालं आणि ज्यांना स्थिर घर मिळालं, त्यांचं बरं चाललं होतं. म्हणून पुन्हा सांगते, विचारा.

मात्र आईला पिंजऱ्यात उभं करायला नव्हे. दक्षिण आफ्रिकेत वेस्टर्न केपच्या द्राक्षमळ्यांवर मजुरीचा काही भाग वाइनच्या रूपात देत असत. ती पद्धत कायद्यानं गेली, पिढ्यांची सवय राहिली, आणि जगात या विकाराचं प्रमाण सर्वाधिक असलेल्या भागांत आजही तो भाग मोडतो. तिथल्या बाईला काय जाब विचारणार? आणि दिवस गेलेत हेच ठाऊक नसताना घेतलेला पेला, तो गुन्हा म्हणायचा? आपल्याकडे बायका घेतच नाहीत, असं मला कुणी सांगू नये. मोहाची दारू काय, शहरातल्या पार्ट्या काय... जाऊ दे.

शिक्षकांना एक सांगते. अशा मुलाला एका वेळी एकच सूचना द्या, तीही लिहून. उद्या तीच पुन्हा द्यावी लागेल. कंटाळू नका, तो मुद्दाम विसरत नाहीये.

वेळ संपत आल्याची खूण होतेय, आणि बाटलीवरच्या इशाऱ्याचं राहिलंच! अमेरिकेत १९८९ पासून त्यात गरोदर बायकांचा उल्लेख आहे. आपला इशारा तब्येतीचा आणि गाडी न चालवण्याचा. पोटातल्या बाळाबद्दल त्यात अवाक्षर नाही. ते यावं म्हणून ग्राहक संघटनांनी, खरं तर स्त्रीरोगतज्ज्ञांनीच आधी... असो, बातम्यांची वेळ झाली.