परक्या फोटोंचं भाडं



संगणकवाल्याला चांदीच्या गावात अध्यक्षाची खुर्ची मिळाली, तेव्हा सुरुवात तुमच्याच धंद्यापासून करतो.

हुपरीचं पैंजण एका छपराखाली होत नाही. तार एका घरी, घुंगरू दुसऱ्या घरी, जोडकाम शेजारच्या रेंदाळात नाहीतर यळगुडात. सगळ्यांचा मालक असा कोणी नाही, तरी माल तयार होतो. चांदी तोलून द्यायची, तोलून घ्यायची, घट किती धरायची ते आधीच ठरलेलं. मॅस्टोडॉन, मॅट्रिक्स, लेमी ही संघीय व्यासपीठं याच घडणीची. सर्व्हर जागोजागी, ज्याचा त्याचा मालक वेगळा, तरी इथला माणूस तिथल्याशी बोलतो.

फरक एवढाच, की लगड रेंदाळला गेली की ती हुपरीत उरत नाही. फोटो मात्र जातोही आणि राहतोही. पन्नास सर्व्हरांवर पोचला तर पन्नास प्रती, आणि तोलायला कोणी बसलेलं नाही.

मला हे ठेच लागून कळलं. डिझाइनच्या देवाणघेवाणीसाठी आम्ही चौघांनी मॅस्टोडॉनचा छोटा सर्व्हर भाड्याने घेतला. एका सकाळी तो गप्प. डिस्क काठोकाठ भरलेली, डेटाबेसला एक ओळ लिहायला जागा नाही. आत डोकावलो तर आमची पैंजणं मूठभर आणि बाकी ढीग कुठल्या कुठल्या मांजरांचा आणि जेवणाच्या ताटांचा! आम्ही ज्यांना ज्यांना फॉलो केलं होतं, त्यांच्या फोटोंच्या प्रती आमच्याकडे येऊन पडत होत्या. त्यांनी बटण दाबलं, भाडं आम्ही भरलं.

दुखणं जुनंच आहे. ईमेलही संघीयच की. 11 मार्च 1992 रोजी नॅथॅनिएल बोरेनस्टीन यांनी माइम पद्धतीची पहिली जोडफाइल पाठवली; तिच्यात त्यांच्या गायक चौकडीचा फोटो आणि गाणं होतं. हौसेची गोष्ट, पण जोडफाइल ईमेलमधून जाताना मजकुराच्या रूपात बदलावी लागते आणि एक तृतीयांशाहून थोडी जास्तच फुगते. चार एमबीचा फोटो साडेपाचच्या घरात जातो. इथे घट नाही, उलट वाढ!

‘साठवण आता स्वस्त झाली’ हे मला पटत नाही. डिस्क स्वस्त असेल. पण बॅकअपही लागतो, काही ठिकाणी बाहेर जाणाऱ्या डेटाचेही पैसे लागतात, आणि छोटा सर्व्हर बहुधा कोणीतरी पदरमोड करून चालवत असतो.

मॅस्टोडॉनमध्ये झाडलोटीची आज्ञा आहे. मुदत सांगितली नाही, तर ती सात दिवसांहून जुन्या परक्या प्रती पुसते. कोणाला हवा असेल तर तो फोटो मूळ सर्व्हरवरून पुन्हा आणता येतो, अर्थात मूळ सर्व्हर जिवंत असेल तर. कारखान्यातली झाडलेली माती तुम्ही तशीच उकिरड्यावर टाकत नाही. आधी तिच्यातली चांदी काढता. सर्व्हरवाल्यानेही परकी प्रत बिनधास्त पुसावी, पण आपल्या सभासदाच्या मूळ फोटोला हात लावू नये. फाइल किती मोठी चालेल आणि परकी प्रत किती दिवस ठेवायची, हे घटीसारखं पहिल्याच दिवशी ठरवून फळ्यावर लिहावं.

आणि कारागीर मित्रांनो, उद्या कारखाना उघडलात की पैंजणाचा एक फोटो आकाराने लहान करून पाठवा. कडीचा टाका त्यात स्पष्ट दिसतो का, तेवढं समोरच्याला विचारा.