हातघुसळणी : घरच्या लोण्यासाठी एक साधी रचना
(नभोवाणीवरील भाषण)

ज्यांचे बालपण जाम आणि कन्हान या नद्यांच्या परिसरातील खेड्यांत गेले आहे, त्यांना पहाटे ऐकू येणाऱ्या रवीच्या आवाजाचे वर्णन करून सांगावयास नको. घुसळखांबाला अडकविलेली रवी, तिच्या दांड्याभोवती वेढे घेतलेली दोरी, आणि त्या दोरीची दोन टोके आळीपाळीने ओढणारी घरातील एखादी स्त्री, हे दृश्य पांढुर्णा आणि सौसर या दोन तहसिलींतील शेतकऱ्यांच्या घरी एकेकाळी नित्याचे होते. आज तो घुसळखांब बहुधा पाडलेल्या जुन्या घराबरोबर गेला आहे आणि रवी माळ्यावर पडली आहे. दूध सकाळीच घराबाहेर जाते आणि तूप दुकानातून घरात येते.

केवळ हळहळ व्यक्त करण्यासाठी मी आज बोलत नाही. घुसळण्याचे काम कष्टाचे होते, आणि ते कष्ट बायकांच्याच वाट्याला येत. त्यांनी ते सोडून दिले, यात त्यांचा काहीच दोष नाही. माझा प्रश्न एवढाच आहे, की कष्ट टाकताना घरचे लोणी आणि मुलांच्या ताटातले ताक हेही टाकावयास हवे होते काय? हाताने चालणारे, गावच्या सुताराला करता येईल आणि बिघडल्यास दुरुस्त करता येईल, असे एखादे उपकरण योजता येणार नाही काय? या प्रश्नाचा पाठपुरावा करताना मला जे साधले आणि माझे जे चुकले, ते दोन्ही आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम आपल्या भागाची परिस्थिती पाहू. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ तेव्हाच्या मुंबई राज्यात गेला आणि हा मुलूख छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशात राहिला. पुढे २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्य कोणतेही असो, इथल्या घरांतली भाषा मराठीच राहिली, आणि गोठ्यातली गायही वर्धा-नागपूरकडच्याच जातीची राहिली. ही गवळाऊ गाय. पांढरीशुभ्र, अंगाने हलकी, चालीला चपळ. तिचे बैल गाडीला आणि शेतीला उत्तम. दूध मात्र बेताचे. तिच्या जोडीला एखादी म्हैस असली, म्हणजे घरात दिवसाला तीन-चार लिटर दूध होते.

हे प्रमाण ध्यानात ठेवावयास हवे, कारण दुधावरील बहुतेक यंत्रे याहून कितीतरी अधिक दुधासाठी निर्माण झाली आहेत. स्वीडनच्या गुस्ताफ द लावाल यांनी १८७८ साली दुधातून मलई वेगळी करणारे फिरते यंत्र सिद्ध केले, आणि लोण्याचा धंदा घरातून कारखान्यात गेला. आपल्याकडे १९४६ साली खेडा जिल्ह्यातील दूध उत्पादकांचा सहकारी संघ उभा राहिला, आणि १९७० पासून दुधाचा महापूर योजनेने गावोगावचे दूध शहराकडे वळविले. त्या योजनेने शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा दिला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ज्या घरी विकून उरलेले दोन लिटर दूध आहे, किंवा ज्या खेड्यात दूध घेणारी गाडी येत नाही, त्या घराचा विचार यंत्र करणाऱ्याने क्वचितच केला.

अशा घरी लोण्याचा हिशेब काय होतो? म्हशीच्या दुधात शेकडा सुमारे सात भाग स्निग्धांश असतो, गाईच्या दुधात चार ते पाच. म्हणजे म्हशीच्या दहा लिटर दुधात सुमारे ७०० ग्रॅम स्निग्धांश झाला. घुसळण नीट झाली नाही आणि त्याचा सातवा हिस्सा ताकात राहिला, तर १०० ग्रॅम तूप हातचे गेले. तेव्हा उपकरण चांगले की वाईट, हे ते किती वेगाने फिरते यावरून ठरवू नये. ताकात किती लोणी मागे राहते, आणि चालविणाऱ्याचे खांदे किती दुखतात, या दोन गोष्टींवरून ते ठरवावे.

लोणी निघते म्हणजे नेमके काय होते, तेही पाहू. दुधातील स्निग्धांश अतिसूक्ष्म गोळ्यांच्या रूपात तरंगत असतो. यांतील बहुतेक गोळ्या मिलिमीटरच्या हजाराव्या भागापासून शंभराव्या भागापर्यंतच्या आकाराच्या असतात, आणि प्रत्येक गोळीवर एक पातळ वेष्टन असते. घुसळताना या गोळ्या एकमेकींवर आणि फेसाच्या बुडबुड्यांवर आदळतात. वेष्टने फाटतात, आतला स्निग्धांश एकमेकाला चिकटतो, आणि पाहता पाहता राळ्याएवढे, मग ज्वारीएवढे कण दिसू लागतात.

परंतु हे चिकटणे योग्य उष्णतामानातच होते. स्निग्धांश काही घट्ट आणि काही मऊ असा असावा लागतो. फार गार असेल तर गोळ्या टणक राहून नुसत्या आदळतात; फार ऊन असेल तर त्या फुटून ताकात मिसळतात आणि लोणी तेलकट होते. साय घुसळावयाची तर १२ ते १६ अंश सेल्सिअस हे मान चांगले. दह्याला थोडे अधिक चालते. पांढुर्ण्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, हे आपण जाणतोच. तेव्हा पहाटे घुसळण्याची जुनी रीत ही केवळ सवय नव्हती. त्या काळी रात्रभर ओल्या वाळूवर ठेवलेला मातीचा डेरा जे काम करी, ते आज माठातले गार पाणी किंवा घरी असल्यास फ्रीज करतो.

आपल्या भागापुरती आणखी एक गोष्ट आहे. येथे कापूस पिकतो, म्हणून जनावरांना सरकी आणि सरकीची ढेप मिळते. सरकीवरच्या जनावराचे लोणी घट्ट होते. हिरव्या चाऱ्यावरचे मऊ. म्हणून पोळ्याच्या सुमारास, रान हिरवे असताना, साय थोडी अधिक गार करून घ्यावी, आणि पौषात ढेप चालू असताना थोडी कमी गार चालेल. एकच उपकरण दोन ऋतूंत निरनिराळे वागते, त्याचे कारण पुष्कळदा गव्हाणीत असते.

आता माझी चूक सांगतो. पहिल्या खेपेला मी हँडल फिरवून चालणारे उपकरण करून घेतले. हात मिनिटाला साठ फेरे सहज फिरतो, रवीला तीनशे हवेत. म्हणून एकास पाच या प्रमाणात दातेरी चाके बसविली. डबा गोल आणि गुळगुळीत पोलादी होता. पाहावयास ते फार देखणे झाले होते. चालवून पाहिले, तेव्हा पंख्याबरोबर सगळे दहीच गोल फिरू लागले. मध्यभागी भोवरा पडला, कडेला दही चढले, आणि घुसळण अशी झालीच नाही. अर्ध्या तासाने चाकांचे तेल थेंब थेंब डब्यात उतरले. घरातल्या वडीलधाऱ्या मावशी शांतपणे म्हणाल्या, “बाबा, रवी कधी एकाच दिशेने फिरताना पाहिलीस काय?”

श्रोतेहो, त्या एका प्रश्नात सगळी विद्या होती. दोरीने ओढलेली रवी चार-सहा फेरे उजवीकडे घेते आणि लगेच तितकेच डावीकडे. दही एका दिशेला फिरू लागते न लागते तोच रवी उलटते. त्यामुळे भोवरा पडत नाही आणि प्रत्येक उलट्या फेऱ्याला गोळ्या एकमेकींवर आदळतात. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी घरगुती काचेच्या घुसळण्या निघाल्या, त्यांतील डेझी कंपनीची बरणी चौकोनी केलेली असे. फिरणारे दूध कोपऱ्यांवर अडावे, हाच तीत हेतू. जे त्यांनी कोपऱ्यांनी साधले, ते आपल्या आज्या-पणज्यांनी दोरीने साधले होते.

मी पिंप फिरविण्याचाही विचार केला. पण आडव्या पिंपाला वेगाची मर्यादा असते. ३० सेंटिमीटर व्यासाचे पिंप मिनिटाला सुमारे ७७ फेऱ्यांपर्यंत गेले, की आतले दूध भिंतीला चिकटून पिंपाबरोबरच फिरते आणि आदळणे थांबते. शिवाय पिंपाची झाकणे गळतात आणि आत हात घालून धुता येत नाही. तोही बेत सोडला.

म्हणून दुसऱ्या खेपेला दोरी ठेवली आणि शीण कुठे होतो ते शोधले. शीण तीन ठिकाणी होता. जमिनीवर बसून ओढल्याने कंबर भरून येते. रवी डगमगते म्हणून ती सावरण्यात जोर जातो. आणि लोणी येताना दही जड झाले, की तीच दोरी जड वाटू लागते. या तिन्हींवर उपाय केला, तीच आजची हातघुसळणी. तिची मापे लिहून घ्यावीत.

पाट ४५ सेंटिमीटर लांब आणि ३० रुंद. त्यावर दोन उभे खांब, आणि खांबांना जोडणाऱ्या दोन आडव्या पट्ट्या, एकमेकींपासून २५ सेंटिमीटर अंतरावर. दोन्ही पट्ट्यांना नेमके एकाखाली एक भोक. रवीचा दांडा या दोन भोकांतून उतरतो, त्यामुळे तो डगमगत नाही. खालच्या पट्टीखाली डबा. डबा २० सेंटिमीटर व्यासाचा आणि २४ उंच घेतला, तर त्यात साडेसात लिटर मावते. घुसळावयास मात्र निम्म्याहून अधिक भरू नये, कारण फेसाला जागा लागते. दांडा बुडाला टेकू नये. रवीचे फूल बुडापासून दोन बोटे वर राहावे. फूल चार पाकळ्यांचे, ९ ते १० सेंटिमीटर रुंद. भोकांना तेल लावू नये, थोडे तूप चोळावे. म्हणजे गळले तरी घरचेच.

दोरी दोन पट्ट्यांच्या मध्ये वेढावयाची. येथे दांड्याला दोन जाड्या ठेवाव्यात : वरचा भाग अडीच सेंटिमीटर, खालचा पाच. बारीक भागाचा घेर सुमारे आठ सेंटिमीटर भरतो. एका ओढीत दोरी अर्धा मीटर सरकली, तर रवी सहा फेरे घेते. मिनिटाला पन्नास ओढी म्हणजे तीनशे फेरे झाले, आणि एकही दातेरी चाक लागले नाही. दही जड झाले, की दोरी जाड भागावर उतरवावी. फेरे निम्मे होतात आणि ओढही निम्म्याने हलकी लागते. सायकलस्वार चढावर गिअर बदलतो, तसेच हे आहे.

उपकरण चौरंगावर ठेवावे आणि आपण स्टुलावर बसावे, म्हणजे दोरी कोपराच्या उंचीला येते आणि कमरेवर ताण पडत नाही. दोरीच्या टोकांना लाकडी मुठी बांधाव्यात. ज्यांना एकाच हाताने काम करावयाचे आहे, त्यांनी दुसरे टोक सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने भिंतीतील खुंटीला बांधावे. आपण ओढावे, रबराने परत न्यावे. जोर मात्र अधिक लागेल, कारण रबर ताणण्याचे कामही त्याच हाताला करावे लागते.

लाकडाबद्दल एक सूचना. रवीला शिवणीचे लाकूड चांगले. ते हलके असते आणि सहसा वाकत नाही. कडुनिंबाचे नको, कडवटपणा उतरतो. संत्र्यांच्या जुन्या खोक्यांच्या फळ्या आपल्याकडे आयत्या मिळतात, म्हणून त्या वापरण्याचा मोह होईल. चौकटीला त्या चालतील, पण दह्यात बुडणाऱ्या भागाला नकोत. त्यांचा वास लोण्याला लागतो.

कण दिसू लागले, की भांडेभर गार पाणी घालावे आणि दोरी जाड भागावर घेऊन हळूहळू ओढावी. कण ज्वारीएवढे झाले की थांबावे. अधिक घुसळल्याने लोणी वाढत नाही, उलट ताक त्यात कोंडले जाते. मग लोणी काढून दोन पाण्यांत धुवावे. ताबडतोब कढवावयाचे असेल तर धुण्याची गरज नाही. काम आटोपल्यावर रवी प्रथम गार पाण्याने, मग कढत पाण्याने धुऊन उन्हात वाळवावी. लाकडाला साबण लावू नये.

कोणी विचारील, मिक्सर असताना हा खटाटोप कशासाठी? मिक्सरमध्ये लोणी निघत नाही, असे मी म्हणणार नाही. पण भांडे लहान, म्हणून तीन लिटर दह्याला चार-पाच वेळा भरा-ओता करावी लागते. पात्यांच्या वेगाने दही तापते. आणि पहाटे वीज नसली म्हणजे सारेच थांबते. ज्यांना तो सोयीचा आहे त्यांनी जरूर वापरावा. ही घुसळणी ज्यांना तो सोयीचा नाही त्यांच्यासाठी आहे.

तरीही एक शंका उरते, आणि ती लपविण्यात अर्थ नाही. उपकरण हलके झाले म्हणजे काम पुन्हा घरातल्या बाईच्याच गळ्यात पडेल, असे तर होणार नाही ना? म्हणूनच मी मुठी मोठ्या हातालाही बसतील अशा करण्यास सुचवितो. आमच्या घरी पहिल्या लोण्याच्या दिवशी मावशींनी दोरी माझ्या हाती दिली आणि स्वतः स्टुलावर बसून ताकाची वाट पाहिली. वीस मिनिटांनी त्यांनी वाटीतले ताक बोटांवर घेऊन चोळले, त्यात चिकटपणा उरला नाही हे पाहिले, आणि मान डोलावली. उपकरणाची परीक्षा मी त्या दिवशी पुरी झाली असे समजलो.