हौदातले गप्पी मासे

साठवणीच्या पाण्यात डास अंडी घालतात. म्हणून आपण कंधारात हौदात गप्पी मासे सोडतो. बोटाच्या पेराएवढा हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. डासांच्या अळ्या तो आवडीनं खातो.

पण पुष्कळदा मासे आठ दिवसांतच मरतात. कारण हौद रिकामा करून घासायचा अन् नळाचं पाणी भरायचं, ही आपली सवय. त्या पाण्यातलं औषध, म्हणजे क्लोरीन, माशांना बाधतं. पाणी दिवसभर बादलीत ठेवा. मग थोडंथोडंच बदला. भाकरी टाकू नका, पाणी नासतं. मरळ सोबत नको. ती गप्पी गिळते.

गप्पी अंडी घालत नाही, पिलंच देते. मोठे मासे ती खातात, म्हणून थोडं शेवाळ राहू द्या. मासे वाढले तर शेजारणीला द्या. जगतुंग तलावात मात्र सोडू नका. तिथल्या देशी माशांचा घास जाईल.