खारेपाटातील मत्स्यशेती आणि कायदा



मत्स्यशेतीच्या कायद्यांविषयी चार शब्द बोलावे अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. आम्ही कायदेपंडित नव्हे. आमचा जन्म मुलांना बेरीज-वजाबाकी शिकविण्यात गेला. तथापि या विषयाची फी आम्ही पदरची भरलेली आहे, म्हणून उभे राहण्याचे धाडस करीत आहोत.

घराजवळच्या तळ्यात जिताडा वाढविणे ही पेणच्या खारेपाटातील आपली जुनी रीत. पावसाळ्यात खाडीतील पिल्ले धरून तळ्यात सोडावी आणि पाहुणा आला की मासा काढावा, एवढाच तो व्यवहार. 2005 साली संसदेने किनारी जलकृषीचा कायदा केला, तेव्हा तळ्यालाही परवाना लागणार म्हणून आमच्या आळीत घबराट उडाली. ती भीती निराधार होती. गोड्या पाण्यातील मत्स्यशेती त्या कायद्यात येत नाही. मात्र खाडीचे पाणी घेऊन कोलंबी वाढविणाऱ्यास नोंदणी करावीच लागते. ‘आमचे शेत समुद्रापासून दूर आहे’ ही सबब येथे चालत नाही. कारण नदी आणि खाडी यांच्या भरतीरेषेपासूनही 2 किलोमीटरपर्यंतची जमीन कायद्याने किनाऱ्यात धरली आहे. धरमतरची खाडी काय किंवा रोह्याची कुंडलिका काय, काठची खारजमीन त्यात आलीच.

या निर्बंधांमागे भातशेतकऱ्यांचेच गाऱ्हाणे होते. तमिळनाडूतील सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन यांनी कोलंबीच्या तळ्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. शेतजमीन, मिठागरे व कांदळवन यांचे कोलंबीच्या तळ्यांत रूपांतर करू नये, असा निकाल 11 डिसेंबर 1996 रोजी झाला.

आता आमची फी. शेजारच्या खातेदाराने आपली खार एका परगावच्या गृहस्थास खंडाने दिली. त्याने पाण्यासाठी बांध फोडला. पुढे कोलंबी रोगाने मेली आणि गृहस्थ निघून गेला. उधाणाचे पाणी त्याच खांडीतून आमच्या शेतात शिरले. दोन पावसाळे भाताचा दाणा दिसला नाही. शेजाऱ्याशी आमचे बोलणे होते, भांडण नव्हते, तेही जडच.

बांध एकट्याचा नसतो. शिलोत्री पद्धतीत बांध राखणाऱ्यास भाताचा हिस्सा मिळे, तो उगीच नव्हे. सरकारनेही त्यासाठी 1948 आणि 1979 साली खारजमिनींचे कायदे केले. खांड बुजली नाही तर काही वर्षांत शेतात कांदळवन माजते, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या 2005 च्या आदेशापासून ते तोडण्यास बंदी आहे. सातबाऱ्यावर नाव आपले, शेतात मात्र विळा घालता येत नाही!

म्हणून खंडाचा कागद करताना नोंदणी कोणाच्या नावाची, पाणी कोठून घेणार व कोठे सोडणार, बांध पूर्ववत् कोण करणार, हे लिहून घ्यावे. 2023 साली मूळ कायद्यात दुरुस्ती झाली आहे, तेव्हा जुन्या माहितीपत्रकावर विसंबू नये. अलिबागेस मत्स्यव्यवसाय खात्याच्या कचेरीत विचारावे.

सभा संपल्यावर आम्ही येथेच ओट्यावर बसणार आहोत. ज्यांनी असे कागद केले असतील त्यांनी घेऊन यावे, मिळून वाचू. चष्मा आणला आहे.