सभेंतला काटा



निवडणुकीचा हंगाम आला कीं आपल्या बुलढाणा जिल्ह्यांत गांवोगांव भोंगे वाजूं लागतात आणि तरणीं पोरें गाड्यांत भरून सभांना नेलीं जातात. खामगांवच्या बाजारांत कापूस घालतांना आपण काट्यावरचा डोळा काढीत नाहीं. मापाऱ्यानें काटा मारला तर भांडतों. सभेंत मात्र वक्त्याचा काटा कोणी पाहत नाहीं. तो कसा पहावा, एवढेंच आज आम्हांस सांगावयाचें आहे.

चिथावणीचें भाषण बहुधा खोट्यापासून सुरू होत नाहीं. तें खऱ्या दुःखापासून सुरू होतें. मुंबईचाच दाखला घ्या. १९६० नंतर तेथें मराठी तरुणास नोकरी मिळणें कठीण होतें, हें दुःख खरें. 'मार्मिक' साप्ताहिकांत कंपन्यांतल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नांवांच्या याद्या येऊं लागल्या. मथळा होता 'वाचा आणि थंड बसा'. पुढें तो झाला 'वाचा आणि उठा'. १९६६ सालीं शिवसेना निघाली, आणि उडप्यांच्या हॉटेलांवर दगड पडूं लागले. नोकऱ्या किती, भरती कोणाच्या हातीं, मालक कोण, हा हिशेब राहिला बाजूला. त्या दगडांनीं कोणत्या मालकाच्या दाराची कडी हालली?

परमुलखांतलें एक भाषण तर नमुनेदार आहे. स्टालिनग्राड येथें जर्मनीचें सैन्य बुडालें, त्यानंतर थोड्याच दिवसांनीं, १८ फेब्रुवारी १९४३ रोजीं, हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स यानें बर्लिनमध्यें निवडून आणलेल्या श्रोत्यांस एकामागून एक दहा प्रश्न विचारले. सर्वंकष युद्ध हवें कां, हा त्यांतलाच एक. 'हो' खेरीज उत्तराला जागाच नव्हती. (शाळेंत आम्ही असे प्रश्न घातले तर तपासावयास आलेले साहेब आम्हांस धारेवर धरतील!) सैन्य कां बुडालें, हा अकरावा प्रश्न कोणी विचारला नाहीं.

बरें, असें भाषण ओरडूनच होतें असेंही नाहीं. २६ जून १९७५ च्या सकाळीं इंदिरा गांधींनीं आकाशवाणीवरून आणीबाणी सांगितली, ती घाबरण्याचें कारण नाहीं असा धीर देऊनच. मोठा कट चालला आहे, असें कारण दिलें. कट कोणाचा, पुरावा काय, हें विचारणारे पुढारी रात्रींच तुरुंगांत गेले होते.

राजकारणांतली भक्ति हुकूमशाहीकडे नेते, असें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं घटना समितींत बजावलें होतें. शेगांवची वारी करणाऱ्या आपल्या माणसांना हें पटविणें जड जातें. पण भक्ति महाराजांच्या पायांशीं वहावी. मत मागावयास आलेल्याला हिशेब विचारावा.

कोणी म्हणेल, कोर्ट आहे कीं! डिसेंबर १९८७ मध्यें विलेपार्ल्यास पोटनिवडणूक झाली. तींतल्या भाषणांत धर्माच्या नांवावर मतें मागितलीं म्हणून मुंबई उच्च न्यायालयानें १९८९ सालीं रमेश प्रभू यांची निवड रद्द केली. सर्वोच्च न्यायालयानें ११ डिसेंबर १९९५ रोजीं तो निकाल कायम केला. भाषणें करणारे बाळ ठाकरे यांचा मताचा हक्क सहा वर्षें गेला, तोही १९९९ सालच्या हुकमानें. मधल्या काळांत ती विधानसभा मुदत संपून गेली, आणि मुंबईंत डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ चे दंगेही होऊन गेले.