रेघ कच्ची नसते



जळगाव-धुळ्याच्या पोरांच्या वह्या मघाशी चाळल्या. एक जण वही पाठीमागं लपवत होता. म्हणाला, 'काही नाही भो, कच्चं आहे. रंगवायचं राहिलंय.' मी त्यावरच बोलतो.

वहीत होता भुसावळच्या प्लॅटफॉर्मवर झोपलेला माणूस. सात-आठ रेघा. गुडघे पोटाशी, उशाला चपला. गाडी सुटायच्या आत काढलेला. आता रंग भरून त्याला काय गादी देणार?

हे 'कच्चं' आपल्या डोक्यात शाळेनं घातलं. एलिमेंटरीच्या परीक्षेला स्मरणचित्र असतं. आम्ही सगळ्यांनी पाणवठा काढला. विहीर, हंडेवाल्या बायका, नारळाचं झाड. हे स्मरण कुणाचं? आमच्या आजीला त्या विहिरीवर कोण चढू देत होतं? आणि खान्देशात नारळ कुठून आला, हेही कुणा मास्तरानं विचारलं नाही. रंग मात्र स्वच्छ भरले म्हणून मार्क मिळाले.

१९४३ चा बंगालचा दुष्काळ घ्या. झैनुल आबेदिननं कलकत्त्याच्या रस्त्यावरची माणसं काळ्या शाईनं, हलक्या पॅकिंगच्या कागदावर काढली. भुकेनं मरणारा माणूस चित्रकारासाठी थांबून राहत नाही. चित्तप्रसाद मिदनापुरात हिंडला, चित्रं काढली, मजकूर लिहिला. त्याचं 'हंग्री बेंगॉल' इंग्रज सरकारनं जप्त करून नष्ट केलं. दिवाणखान्यातल्या तैलचित्राला कुठलं सरकार घाबरतं?

पण पटकन म्हणजे कसंही नव्हे हं. आबेदिन कलकत्त्याच्या आर्ट स्कूलात शिकलेला, तिथंच शिकवणारा. दहा रेघांमागं हजारो रेघांचा हात होता. आपल्यातले काही जण दोन फराटे मारून स्वतःला पिकासो समजतात, त्यांनी वही रोज काळी करावी.

आपली अनियतकालिकं सायक्लोस्टाईलवर निघायची, तेव्हा चित्र मेणाच्या स्टेन्सिलवर टोकदार लेखणीनं कोरावं लागे. खोडणं सोपं नसे. काळा भाग भरायला जावं तर स्टेन्सिल फाटायचं. टिकायची ती रेघच. साली गरिबीच आमची आर्ट स्कूल!

अजिंठा जळगावहून साठेक किलोमीटर. तिथल्या भिंतींवर आधी गेरूची रेघ ओढली, रंग नंतर आले. बुद्धाच्या लेण्यात पहिली शिरली ती रेघ. आणि नागपूरच्या सवी सावरकरांची चित्रं बघा. गळ्यात मडकं, सोबत झाडू, आणि रेघ अशी खरबरीत की बघणाऱ्याला खुर्चीत नीट बसता येत नाही. सुबक रेघेनं ते मडकं शोभेचं झालं असतं.

तर ती वही इकडं दे रे. तो झोपलेला माणूस पुढच्या अंकात घेऊ. रंग न भरता. आणि खाली स्टेशनचं नाव, तारीख लिही.